कोबीच्या वाफ्यातली मुलगी कुणाकडून आली?

एडिंबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहात दोन मुलं उभी आहेत. एक मुलगा, एक मुलगी. जवळपास एकशे चाळीस वर्षं दोघंही समोर येणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघताहेत.

मुलाच्या अंगावर शिंग लटकतंय, जवळ चाबूक आहे, आणि पायातले चिखलाने माखलेले बूट त्याच्यापेक्षा मोठ्या कुणाचे तरी असावेत असे ढगळ आहेत. त्या काळी कालव्यांतल्या मालवाहू नावा काठावरून चालणारे घोडे ओढायचे. त्या घोड्यांना हाकायला चाबूक आणि नाव येतेय याची वर्दी द्यायला शिंग. म्हणजे हा नावेवर राबणारा पोरगा. चेहऱ्यावर मात्र राबण्याची काही खूण नाही, आहे तो आगाऊपणा. चित्राचं नाव आहे ‘पा मेश’. हा फ्रेंच रस्त्यावरचा बोल आहे. मराठीत तो ‘छ्या, जमायचं नाही!’ असा येईल. झ्यूल बास्तियाँ-लपाझ या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली हे तैलचित्र केलं.

मुलगी कोबीच्या वाफ्यात उभी आहे. हातात सुरी आहे. कोबीचा गड्डा कापून नुकतीच कंबर सरळ केलीये आणि तेवढ्यात आपण समोर आलोय, असा तो क्षण. हे चित्र जेम्स गथ्रीचं, १८८३ सालचं, नाव ‘अ हाइंड्स डॉटर’. हाइंड म्हणजे स्कॉटलंडमधला कसबी शेतमजूर. ही त्याची लेक.

दोन देश, दोन चित्रकार, दोन वेगळी मुलं. तरी एकामागून एक ही चित्रं पाहिली की एकाच घरातली वाटतात. गथ्रीने चाबूक घेतला नाही, शिंग घेतलं नाही, ढगळ बूट घेतले नाहीत. मग त्याने घेतलं काय? एखाद्या चित्राला मानवंदना देणारं चित्र म्हणजे नक्की काय, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यातच आहे.

नक्कल, बनावट आणि मानवंदना

‘आदरांजली’ हा शब्द मी मुद्दामच टाळतोय. तो ऐकला की तसबीर आणि हार डोळ्यांपुढे येतो. इथे मामला जिवंत असतो.

जुन्या चित्रावरून नवं चित्र करायच्या बऱ्याच तऱ्हा आहेत. जसंच्या तसं उतरवलं तर ती नक्कल. शिकण्यासाठी नक्कल करण्यात काहीच कमीपणा नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रीतसर परवानगी काढून चित्रकार मूळ चित्रासमोर घोडी (कॅनव्हास ठेवायची तिकटी) लावून बसतात. तिथला नियम मोठा शहाणपणाचा आहे: नक्कल मुळापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. कारण तीच नक्कल मूळ म्हणून विकली की ती बनावट होते. हातातलं कौशल्य तेच, बदलते ती दानत.

मानवंदना याहून वेगळी. तिच्यात मूळ चित्र लपवायचं नसतं, उलट जाणकाराला ते ओळखू यावं अशी इच्छा असते. पण चित्र आपलं असतं. व्हॅन गॉगचं उदाहरण घ्या. १८८९-९० मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने शेतकऱ्यांचा चित्रकार मिये याच्या चित्रांवरून वीसेक तैलचित्रं केली. त्याच्यासमोर होत्या त्या बहुतेक काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. आकार मियेचा, रंग सगळा व्हॅन गॉगचा. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःची बाजू संगीताच्या भाषेत मांडली होती: बेथोव्हनची रचना वाजवणारा त्यात स्वतःचा अर्थ भरतोच ना, मग चित्रकाराने तसं केलं तर काय बिघडलं? आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बंदिश जुनीच असते, गाणाऱ्याचा गळा वेगळा असतो.

‘निसर्गवाद’ या शब्दाची गंमत

ही दोन्ही चित्रं ज्या जातीची, तिला निसर्गवादी ग्रामीण व्यक्तिचित्र म्हणतात. हे नाव ऐकलं की पुष्कळांना झाडं, डोंगर, ओढा आठवतो. दोष शब्दाचा आहे. हा निसर्ग म्हणजे वनराई नव्हे. माणूस ज्या परिस्थितीत वाढला, ज्या मातीवर उभा आहे, जो उजेड त्याच्या अंगावर पडलाय, त्या सगळ्यासकट त्याला बघायचं, एखाद्या जीवशास्त्रज्ञाने बघावं तसं. साहित्यात हा आग्रह फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाने धरला. बास्तियाँ-लपाझला त्याने कूर्बे आणि मिये या आधीच्या फ्रेंच चित्रकारांचा नातू म्हटलं होतं. नातं अचूक आहे, कारण फरकही पिढीचाच आहे. मियेचा १८५० सालचा ‘पेरणी करणारा’ पाहा. त्याचा चेहरा सावलीत हरवलाय. तो अमुक गावचा तमुक नाही, तो पेरणारा माणूस आहे, जवळजवळ देवासारखा. निसर्गवाद्याला देव नको, तमुकच हवा. त्याची नखं, त्याचा चिखल, त्याचा वैताग.

बास्तियाँ-लपाझ ईशान्य फ्रान्समधल्या दाँव्हिलेर या गावचा, जन्म १८४८. पॅरिसला काबानेलसारख्या प्रतिष्ठित मास्तरकडे शिकला, पण रंगवायला पुन्हा पुन्हा गावी गेला. १८७७ सालच्या ‘गवतकापणी’त त्याने शेतात बसलेली एक मजूर बाई दाखवलीये. शेजारी गडी आडवा होऊन झोपलाय आणि ही थकून समोर कुठेतरी नजर लावून बसलीये. नजर लावलीये म्हणायचं खरं, पण बघत काहीच नाहीये. दमलेल्या माणसाचे असे डोळे चित्रात मी क्वचितच पाहिलेत. हा चित्रकार १८८४ मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला. तोवर ब्रिटनपासून फिनलंडपर्यंतची तरुण मंडळी त्याच्यासारखं रंगवू लागली होती. ग्लासगोच्या ज्या तरुण टोळीत गथ्री होता, ती त्यातलीच.

गथ्रीने घेतलं ते

पहिली गोष्ट क्षितिज. हा प्रकार जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. चित्रातली क्षितिजरेषा म्हणजे चित्रकाराच्या डोळ्याची उंची. तुम्ही खाली बसून मुलाचं चित्र काढलंत तर क्षितिज त्याच्या कमरेशी येतं, डोकं आभाळात जातं आणि पोर एकदम पुतळ्यासारखं भव्य दिसायला लागतं. उभं राहून काढलंत तर तुमचा डोळा मुलाच्या डोक्याच्याही वर असतो, क्षितिज आणखी वर सरकतं, आणि मुलाच्या मागे आभाळाऐवजी जमीन येते. वाफे, गवत, पायवाट, वर कुठेतरी घरं, आणि आभाळ उरलंच तर एखादी पट्टी. जमीन भिंतीसारखी उभी राहते आणि मूल त्या जमिनीत खोवल्यासारखं दिसतं. हे पोर इथलंच आहे, इथून सहजासहजी सुटणार नाही, ही गोष्ट एकही शब्द न लिहिता नुसत्या रेषेच्या उंचीने सांगितली जाते.

दुसरी गोष्ट उजेड. या चित्रांत कडक ऊन जवळजवळ नसतं. ढगाळ, करडा, सगळीकडून सारखा पडणारा प्रकाश असतो. यामागे सौंदर्यदृष्टी आहे तशी सोयही आहे. उन्हातली सावली अर्ध्या तासात हलते, ढगाळ उजेड तासन्‌तास टिकतो. उघड्यावर, माणूस समोर उभा करून, दिवसच्या दिवस काम करायचं तर हाच उजेड परवडतो. पण चेहऱ्याची पंचाईत होते. ठळक सावली नसल्याने तोंड ताटासारखं सपाट दिसू लागतं. उपाय असा की ढगाळ प्रकाशही प्रत्यक्षात वरूनच येतो हे लक्षात ठेवायचं. कपाळ, नाकाचा दांडा, गालाचा वरचा भाग आभाळाकडे तोंड करून असतात, म्हणून उजळ आणि किंचित थंड. भुवईखाली, नाकाखाली, हनुवटीखाली अंधार थोडासाच वाढतो, पण रंग उबदार होतो, कारण तिथे जमिनीवरून परतलेला उजेड पोचतो. म्हणजे आकार घडवायला काळ्या-पांढऱ्याचा फरक कमी पडतो, तिथे थंड-उबदार कामाला येतं.

तिसरी गोष्ट ब्रश. केसांना धातूची पट्टी आवळून बनवलेला चपटा, चौकोनी टोकाचा ब्रश एकोणिसाव्या शतकात सर्रास मिळू लागला होता. तो गोल ब्रशासारखा रेघ ओढत नाही, ठिगळ ठेवतो. गथ्रीची कोबीची पानं जवळून पाहिली तर पानं नाहीतच, चौकोनी फटकारे आहेत: हिरवट, करडे, मातकट, एकाला एक लागून. चार पावलं मागे सरकलं की त्यांचा वाफा होतो. मुलीच्या कपड्यांचे रंगही त्याच मातीतल्या पट्टीत ठेवलेत, त्यामुळे ती वाफ्यापासून तुटत नाही. चेहऱ्यावर मात्र फटकारे लहान होतात, एकमेकांत मिसळतात. हीच या घराण्याची खरी ओळख: चेहरा जवळून, निरखून पाहिलेला, आणि भोवतालचा पसारा नजरेच्या कोपऱ्यात येतो तसा सैल.

आणि चौथी गोष्ट ती नजर. मुलगी बघते. गोड हसत नाही, दया मागत नाही, दचकतही नाही. ‘काय पाहिजे?’ एवढंच.

बाकीचं सगळं गथ्रीने स्वतःच्या भोवतालातून घेतलं. ग्रामीण स्कॉटलंडमधल्या कोबर्न्सपाथ या गावात तो राहून काम करत होता. तिथे कोबी होता, म्हणून कोबी. नंतर ग्लासगोच्या या चित्रकारांच्या कामात कोबी इतका दिसतो की हसू येतं, पण त्या वेळी तो प्रामाणिकपणा होता.

आज असं चित्र करायचं तर

इथे माझी फजिती सांगतो. मी हौशी. ‘पा मेश’ची छापील प्रत पाहून मला एकदा असंच चित्र करायची उबळ आली. ओळखीतल्या एका मुलाला उभं केलं, हातात दोरीचा चाबूक दिला, कागदाचं शिंग करून गळ्यात अडकवलं, मोठे बूट घातले. तीन आठवडे खपलो. चित्र पाहून माझ्या शिक्षकांनी एवढंच म्हटलं, ‘स्नेहसंमेलनातला वाटतोय.’ राग आला, पण बरोबर होतं. मी बास्तियाँ-लपाझच्या पोराचं सामान उचललं होतं. बघण्याची रीत राहूनच गेली होती. आणखी एक घोळ म्हणजे मागची झुडपं मी चेहऱ्याइतकीच मन लावून रंगवली होती. सगळंच ठसठशीत झालं की डोळ्याला बसायला जागा राहत नाही.

तैलरंगच का, असा प्रश्न येतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो. त्याला दिवस लागतात, त्यामुळे गालाची कडा मागच्या हिरव्यात ओली असतानाच विरघळवता येते. कुठली कडा धारदार ठेवायची आणि कुठली पुसट होऊ द्यायची, यावरच असलं चित्र तरतं. पापणीची कडा धारदार, बाहीची अर्धीमुर्धी, पोटरीमागच्या गवताची जवळजवळ गायब.

या संथपणाची किंमतही असते. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ ठेवायचे आणि तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि काही काळाने चित्राला भेगा जातात. वॉर्निशचीही घाई नको, पारंपरिक वॉर्निशला सहा महिने ते वर्षभर थांबायची रीत आहे.

पांढऱ्या रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात. बास्तियाँ-लपाझच्या काळी चित्रकारांचा मुख्य पांढरा शिशाचा होता, विषारी पण उबदार, चिवट. आज बहुतेकांच्या पेटीत टायटॅनियमचा पांढरा असतो, तो चित्रकारांच्या हाती १९२०च्या सुमारास आला. तो फार झाकणारा आणि थंड आहे. जुन्या सवयीने त्वचेच्या छटेत मिसळला की गाल खडूसारखे होतात. कमी घ्यायचा, आणि उजळवायचं काम जमेल तिथे पिवळ्या मातीच्या रंगाकडून करून घ्यायचं.

फोटोवरून करावं का? करावं, पण फोटोवर विसंबू नये. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो आणि ढगाळ उजेडातले ते थंड-उबदार फरक निम्मे खाऊन टाकतो. लहान पुठ्ठ्यावर तासाभरात समोर बसून केलेला रंगाचा आराखडा जवळ असला की फोटो कुठे खोटं बोलतोय ते कळतं. समोर बसवून काढण्याचेही धोके आहेतच. वॉल्टर सिकर्ट या इंग्लिश चित्रकाराने १८९२ मध्ये बास्तियाँ-लपाझवर नेमकी हीच टीका केली होती. मियेने चालतीबोलती माणसं पाहून मनात साठवली आणि आठवणीतून रंगवली, याने मात्र माणूस कॅनव्हाससमोर खिळवून उभा केला, म्हणून ही माणसं काम करताना दिसत नाहीत, पोझ देताना दिसतात, असा त्याचा रोख होता. मला ही टीका अर्धी पटते. गवत कापणारा, बटाटे काढणारा माणूस तास न् तास एका जागी थांबत नाही, हे खरंच. पण ‘पा मेश’ला ती लागू पडत नाही. तिथे पोरगा उभं राहण्याचंच काम करतोय, आणि ते त्याला आवडलेलं नाही हे त्याच्या तोंडावर लिहिलंय.

गरीब मुलाचं चित्र काढण्यातली खरी अडचण इथेच आहे. फाटके कपडे आणि मोठे ओले डोळे दिसले की बघणाऱ्याचं मन चटकन द्रवतं, त्याला स्वतःच्या द्रवण्याचंच कौतुक वाटतं, आणि मूल बाजूला राहतं. बास्तियाँ-लपाझचीही सगळी चित्रं यातून सुटलेली नाहीत. ‘पा मेश’ सुटतं ते नावामुळे आणि नजरेमुळे. ‘जमायचं नाही’ हे उत्तर आहे. प्रश्न काय होता हे सांगितलेलं नाही. मला वाटतं, तो चित्रकारानेच विचारला असावा.

कायद्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. बास्तियाँ-लपाझ १८८४ मध्ये गेला, गथ्री १९३० मध्ये, आणि युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी हक्क संपतात. प्रश्न उरतो सचोटीचा. रचना बरीच घेतली असेल तर नावाखाली ‘बास्तियाँ-लपाझवरून’ असं लिहायचं, सही आपली करायची. गथ्रीसारखं सगळं पचवून स्वतःचं केलं असेल तर लिहिलं नाही तरी चालतं, बघणाऱ्याला कळतं.

त्या फजितीनंतर दोन वर्षांनी मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी चाबूक नाही, शिंग नाही. मुलगा दुसरा, झाडांना पाणी घालत होता, हातात हिरवा रबरी पाइप, पायांत एकाच जोडाच्या नसलेल्या दोन चपला. आभाळ भरून आलेलं. मी उभाच राहिलो, त्यामुळे क्षितिज आपोआप त्याच्या डोक्यावर गेलं. पहिला तासभर तो शहाण्यासारखा उभा राहिला आणि माझ्या हातून एक शहाणं, मेलेलं तोंड उतरलं. मग पाइप त्याच्या पायावर गळायला लागला. त्याने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, ‘काका, अजून किती?’

मी कापडाने आधीचं तोंड पुसून टाकलं आणि म्हटलं, ‘अस्साच थांब.’

‘नाही जमणार,’ तो म्हणाला, आणि थांबला.